अर्ज केला, पुढे काय?



नोकरीचा अर्ज भरायचा दिवस घरात मोठा असतो. मंठा, घनसावंगी, भोकरदन या तालुक्यांतल्या खेड्यांतून पोरगा किंवा पोरगी एस.टी.ने तालुक्याला येते, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात बसते, गुणपत्रिका आणि जातीचा दाखला चढवते, फी भरते आणि पावती घडी घालून घरी आणते. तिथून वाट पाहणे सुरू होते. ही वाट किती लांबू शकते, त्याचे एक खरे उदाहरण सांगतो.

मार्च 2019 मध्ये राज्यातील जिल्हा परिषदांच्या 13 हजारांहून अधिक जागांची जाहिरात निघाली. आरोग्य सेवक, औषधनिर्माता, ग्रामसेवक अशी पदे होती. अर्ज आले वीस लाखांवर! राज्यातल्या भरतीच्या परीक्षा तेव्हा ‘महापरीक्षा’ या संगणकीय यंत्रणेमार्फत होत. तिच्याविषयी तक्रारी वाढल्या आणि 2020 मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी करोना आला. पुढे 2021 मध्ये आरोग्य विभागाच्या पदांची परीक्षा ठरली, तीही पुढे ढकलली. शेवटी ऑक्टोबर 2022 मध्ये सारी भरतीच रद्द झाली. फी परत मिळणार, असे सांगण्यात आले, पण त्यासाठीही उमेदवाराने संगणकावर जाऊन बँक खात्याची माहिती भरायची होती. ऑगस्ट 2023 मध्ये 19,460 जागांची नवी जाहिरात आली. फी खुल्या वर्गाला 1000 रुपये, मागासवर्गीयांना 900 रुपये.

आता हिशेब करा. 2019 साली जो चौतिसाव्या वर्षी अर्ज करून बसला, तो 2023 साली अडतीस वर्षांचा झाला. खुल्या वर्गाची मर्यादाच अडतीस. शासनाने 2023 मध्ये वयात दोन वर्षांची सूट दिली हे खरे, पण गेलेली वर्षे चार होती. या चार वर्षांत त्याने गावात धंदा काढला नाही, बाहेरगावी गेला नाही, कुणाकुणाची लग्नेही थांबली. मला विचाराल, तर निवड न होणे हे दुःख सोसता येते. वीस लाखांत तेरा हजारच निवडले जाणार, हे पोरांनाही कळते. सोसत नाही ते हे, की दर महिन्याला ‘काय झालं रे तुझं?’ असे बाप विचारतो आणि पोराजवळ उत्तर नसते.

गुरुजी, इथे आपले काम आहे. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. सरकारी भरतीचे काय झाले, परीक्षा कधी, फी कुठे अडली, हे साध्या कागदावर विचारता येते. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा. गाऱ्हाणे लिहीत बसू नका, नेमका प्रश्न विचारा. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही, दाखल्याची प्रत जोडली की झाले. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

खाजगी कंपनीला मात्र हा कायदा थेट लागू नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. तिथे मुलाखत देऊन आलेल्या पोराला ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. अशा ठिकाणी महिनाभर थांबावे, एकदा लेखी विचारावे आणि दुसरीकडे अर्ज टाकावा. मध्ये कुणी ‘साहेबाला सांगून काम करतो’ म्हणून पैसे मागितले, तर एक रुपया देऊ नये.

सरकारी अर्जाला तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पहिल्या अर्जाची पोच मात्र जपून ठेवलेली हवी. म्हणून अर्ज हाती दिला, तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.