महाग औषध आणि मेडिकलचं काउंटर



कॅन्सरचं औषध महाग, हे घरोघर ठाऊक असतं. ते स्वस्त झालं की मात्र कुणी सांगायला येत नाही. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर सोराफेनिब नावाच्या गोळ्या देतात. बायर कंपनीच्या महिन्याच्या १२० गोळ्या २ लाख ८० हजारांना पडायच्या. ९ मार्च २०१२ला मुंबईच्या पेटंट कार्यालयातून आदेश निघाला आणि पेटंट बायरचं असूनही हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध ८,८८० रुपयांत विकायचा सक्तीचा परवाना मिळाला. देशातला हा पहिलाच. उच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला.

हैदराबाद तर आपल्याच रेल्वेलाइनवर. पण म्हणून सोनपेठ किंवा पालमसारख्या तालुक्याच्या गावातल्या मेडिकलात या गोळ्या सहज मिळतील, असं नाही. वर्षाकाठी एखादंच गिऱ्हाईक. मुदत संपली की दुकानदाराचे पैसे बुडाले. म्हणून आम्हा मेडिकलवाल्यांचं सांगणं असतं, गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधी चिठ्ठी आणून दाखवा. स्टॉकिस्टांना फोन करता येतात, दोन-चार कंपन्यांचे भाव विचारता येतात. एकाच घटकाच्या भावात इतकी तफावत निघते की ऐकणारा थक्क होतो.

त्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: औषध महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का? ही योजना कॅशलेस आहे. उसनंपासनं करून बिल भरायचं आणि मग चौकशीला यायचं, हा उलटा क्रम झाला. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड घेऊन आधी त्यांना गाठा.

आता आमची अडचण. चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव असेल, तर तोच घटक असलेलं दुसऱ्या कंपनीचं स्वस्त औषध आम्हाला परस्पर देता येत नाही. शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधांना १९४५च्या औषध नियमांची तशी मनाई आहे. लोकांना वाटतं, मेडिकलवाला मुद्दाम महाग देतो. (काही देतातही, नाकारत नाही.) नियम अगदीच बिनकामाचा नाही. सजीव पेशींपासून बनणाऱ्या जैविक इंजेक्शनांची अदलाबदल काउंटरवर होऊ नये, हे बरंच. साध्या गोळीसाठी मात्र तो जाचक आहे, असं माझं मत. वाट एकच, डॉक्टरांना फोन. घटकाचं नाव लिहून द्या म्हटलं, तर बरेच डॉक्टर देतात. तुम्हीही तपासणीच्या वेळीच तसं म्हणू शकता.

शेवटचं, कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅबसारख्या जैविक इंजेक्शनांचं. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४वर जातो. मुंबईहून आणताना जेलपॅकची पेटी मागून घ्या. बाटली बर्फाला टेकू देऊ नका, घरी फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. गोठलेलं इंजेक्शन वितळवून चालत नाही. तसं झालंच तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा.