माठामागचा खडू
(बालशिक्षण परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. अहवाल तुमच्या हाती आहेत, ते मी पुन्हा वाचत नाही. मिळालेला वेळ मला एकाच प्रश्नासाठी हवा आहे. मुलाच्या मनात 'उद्या' कधी उगवतो, आणि तो उगवावा म्हणून आपण काय करतो?

ज्याँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांच्या वाढीच्या बारीक नोंदी ठेवल्या. त्यांची मधली मुलगी ल्युसिएन 16 महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. वडिलांनी एक साखळी काडेपेटीत घातली आणि पेटी जवळजवळ बंद केली, जेमतेम फट ठेवली. मुलीनं बोट घालून पाहिलं. साखळी येईना. मग ती थांबली. फटीकडे बघत राहिली आणि तिनं स्वतःचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, दर वेळी थोडं अधिक. त्यानंतर सरळ फटीत बोट घालून तिनं पेटी ओढून उघडली. 'उघड' हा शब्दही नीट हाती नसलेल्या त्या जिवानं पुढची कृती आधी तोंडानं करून पाहिली. विचार म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगते.

प्राण्यांचं काय? व्होल्फगांग क्योलर 1913 साली टेनेरीफ बेटावर गेले. तिथला सुल्तान नावाचा चिंपांझी एक काठी दुसरीच्या पोकळ टोकात बसवून गजांपलीकडचं केळं ओढून घ्यायला शिकला. पण केळं समोर होतं, आणि भूकही आत्ताची होती. उद्याच्या भुकेची सोय हा वेगळाच पल्ला. सुगरण पक्षी अजून न घातलेल्या अंड्यांसाठी खोपा विणतो, हे खरं. पण ती वीण पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेली, त्या एका पक्ष्यानं आपल्या अनुभवावरून काढलेली ती युक्ती नव्हे. म्हणूनच केंब्रिजमध्ये निकोला क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. स्क्रब जे हा कावळ्याच्याच कुळातला पक्षी. काही दिवस या पक्ष्यांना सकाळी कधी एका खोलीत कोंडलं, तिथं न्याहारी मिळे, कधी दुसऱ्या खोलीत, तिथं उपास घडे. मग एका संध्याकाळी अचानक त्यांच्यापुढे चिलगोजे ठेवले आणि दोन्ही खोल्या मोकळ्या केल्या. पक्ष्यांनी दाणे जास्त करून उपासाच्या खोलीत लपवले. उद्या कुठं जाग येईल कुणास ठाऊक, तिथं चार दाणे असू देत!

आता आपल्या मुलांकडे या. क्रिस्टिना अटान्स आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी 2006 साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना प्रेट्झेल नावाचा खारट खाऊ पोटभर दिला. मुलं तहानली. मग विचारलं, उद्या इथं आलास की तुला काय हवं, खाऊ की पाणी? बहुतेकांनी उद्यासाठीसुद्धा पाणीच मागितलं. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण नावं ठेवतो. या वयाच्या मुलाला मात्र आत्ताच्या तहानेपलीकडचा उद्या अजून दिसतच नसतो. 'काल आपण जत्रेला जाऊ' असं म्हणणारं पोर तुमच्या प्रत्येकीच्या वर्गात आहे. ते चुकत नाही, काळाची वाट चाचपडतं आहे.

हे सगळं वयानुसार आपोआप येतं, असं मीही पुष्कळ वर्षं मानत होते. वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डच्या बालवाडीतला प्रयोग तुम्हांला प्रशिक्षणात शिकवलेला असतो: समोरचा एक खाऊ लगेच न खाता थांबलं तर दोन मिळतील. थांबतो तो संयमी, पुढं तो यशस्वी होतो, असा त्याचा अर्थ आपण लावत आलो. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी 2013 साली त्यात एक पायरी आधी घातली. 28 मुलं. मोठ्या माणसानं त्यांना चित्रांसाठी चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं. निम्म्या मुलांना ते आणून दिले, निम्म्यांना 'नाहीत गं, माझी चूक झाली' असं सांगितलं. मग खाऊ समोर ठेवला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली 3 मिनिटं. ज्याचा उद्या येतच नाही त्यानं आजचा खाऊ खाल्ला, तर तो उतावळा कसा? तो शहाणाच म्हणायचा.

हे वाचलं तेव्हा मला एक जुना शनिवार आठवला. माझ्या बालवाडीत एक चार वर्षांचा मुलगा होता. आई-वडील वीटभट्टीवर. सुटीच्या वेळी तो पाण्याच्या माठामागे वाकून काहीतरी करत होता. नंतर पाहिलं, लाल तेलखडूचा अर्धा तुकडा, कागदात गुंडाळून ठेवलेला. सोमवारसाठी! मला फार कौतुक वाटलं. आणि रविवारी साफसफाई करताना मीच इतर कचऱ्याबरोबर तो केरात टाकला. सोमवारी तो आला तो थेट माठाकडे. मागं हात घातला, मग माठाभोवती फिरून आला. मला त्यानं काही विचारलं नाही. त्या दिवसापासून हातात आलेला खडू तो त्याच दिवशी झिजवून संपवू लागला. त्याला 'सांभाळून वापर' म्हणून रागावणारीही मीच होते.

ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला गेल्या, पुढं अनुताई वाघांसह कोसबाडला. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. त्या कामाचं कौतुक आपण साधनांसाठी, गाण्यांसाठी करतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बाई येणार म्हणजे येणार, उद्याही येणार, ही खात्री त्यांनी पाड्याच्या दाराशी नेऊन ठेवली.

म्हणून परिषदेपुढं माझं मागणं लहान आहे. वर्षाच्या मध्यात अंगणवाडी-बालवाडीताईंची बदली करू नका. करावीच लागली तर मुलांना चार दिवस आधी, त्यांच्या भाषेत सांगा. 'उद्या देते' हे शब्द वर्गात सैलपणे वापरू नका. आणि प्रत्येक मुलाला वीतभर जागा द्या, जिला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही.

माठामागचा खडू गेला त्या वर्षी आम्ही फळीला खण पाडून घेतले. प्रत्येकाच्या खणावर त्याचं चित्र. इतरांचे खण दोन दिवसांत भरले, त्या मुलाचा रिकामाच. आठवडा गेला. मग एका दुपारी त्यात एकच चिंचोका दिसला. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला पोचले, तर तो आधीच दाराशी उभा होता.