नेव्हाकाठची ट्राम

सेंट पीटर्सबर्गला येणारा प्रवासी बहुधा प्रथम हर्मिटाजकडे वळतो आणि झारांच्या राजवाड्यातील चित्रे व शिल्पे पाहण्यात रमून जातो. याच शहरात १९६७ साली एका निराळ्या संग्रहालयाची स्थापना झाली. व्हासिलियेव्हस्की बेटावरील ट्रामच्या जुन्या आगारात त्याचा संग्रह उभा राहिला. तेथील वैभव राजाचे नव्हे. कामगार, कारकून आणि शाळकरी मुले यांना रोज ने-आण करणाऱ्या गाड्यांचे आहे.

या गाड्यांचा इतिहास एका विलंबापासून सुरू होतो. फ्योदोर पिरोत्स्की या संशोधकाने १८८० सालीच या शहरात विजेवर गाडी चालवून दाखवली होती. तरीही शहराच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धावण्यास सत्तावीस वर्षे जावी लागली. यंत्राइतकीच अडचण कराराची होती. घोड्यांच्या ट्राम चालवणाऱ्या कंपन्यांनी रस्त्यांवरील वाहतुकीचा मक्ता मिळवला होता. पण नेव्हा नदी हा काही रस्ता नव्हे! १८९५ पासून, हिवाळ्यात नदी गोठली म्हणजे, बर्फावर रूळ अंथरून आणि तारांचे खांब बर्फातच रोवून विजेची ट्राम पैलतीरी नेण्यात येऊ लागली. वसंताची चाहूल लागताच तो सारा पसारा आवरावा लागे. अखेर मक्त्याचा अडसर दूर झाला आणि २९ सप्टेंबर १९०७ रोजी रस्त्यावरची ट्राम सुरू झाली. त्याच वर्षी ७ मे रोजी मुंबईतही विजेची ट्राम धावू लागली होती, हा योगायोग मराठी श्रोत्यांना कौतुकाचा वाटेल.

पीटर्सबर्गच्या पहिल्या विद्युत् गाड्या इंग्लंडातील ब्रश कंपनीच्या होत्या. पुढे रशियन कारखान्यांत बांधलेल्या गाड्या आल्या. त्यांपैकी १९३३ च्या, अमेरिकन धर्तीच्या गाडीला लोक ‘अमेरिकांका’ म्हणत. मात्र संग्रहालयातील जुन्या गाड्यांना खरा अर्थ प्राप्त होतो तो युद्धकाळामुळे.

सप्टेंबर १९४१ मध्ये लेनिनग्राडला, म्हणजे याच शहराला, जर्मन सैन्याचा वेढा पडला. विजेच्या ट्रामचा एक दुबळेपणा असा की, गाडी, रूळ आणि चालक शाबूत असले तरी वीजकेंद्रातले इंधन संपले की ती जागच्या जागी थांबते. ८ डिसेंबर १९४१ रोजी तसेच घडले. वाटेत थांबलेल्या गाड्या हिमात गाडल्या गेल्या. भुकेने खंगलेली माणसे पायी कामावर जाऊ लागली. कित्येक वाटेतच कोसळली.

मार्च १९४२ मध्ये उपाशी नागरिकांनी, विशेषतः स्त्रियांनी, कुदळी-फावड्यांनी बर्फ फोडून रूळ मोकळे केले. प्रथम मालवाहू ट्राम चालल्या. साथ पसरू नये म्हणून साचलेली घाण शहराबाहेर नेणे अगत्याचे होते. १५ एप्रिल रोजी पाच मार्गांवर उतारूंची ट्राम सुरू झाली. तिची घंटा ऐकून लोक रस्त्यात उभे राहून रडले. भाकरीचा तुकडा तोलून वाटावा लागत होता, अशा दिवसांत थोडकी वीज ट्रामसाठी राखण्यात आली. माणूस कामावर व जखमी रुग्णालयात पोचला पाहिजे, तरच शहर टिकेल, हा त्यामागचा व्यवहार होता. १९४४ च्या जानेवारीत वेढा पूर्ण उठेपर्यंत, तोफांच्या माऱ्यातही, ट्राम चालत राहिली.

शांततेच्या काळाने मात्र तिला तितका मान दिला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेनिनग्राडचे ट्रामचे जाळे जगातील सर्वांत मोठे मानले जाई. १९९० नंतर त्यातील अनेक मार्ग उखडले गेले आणि मोकळी झालेली जागा मोटारींनी व्यापली. मुंबईने तर ३१ मार्च १९६४ रोजीच आपल्या ट्रामला निरोप दिला होता.

नवी वाहने येतात, जुनी जातात. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु रूळ उखडण्याचा हिशेब मांडताना ट्रामचा तोटा आणि तिने अडवलेली जागा एवढेच आकडे सहसा पुढे येतात. ज्याच्यापाशी मोटार नाही त्याने कामावर कसे पोचावे, याचा रकाना त्या हिशेबात कोराच राहतो. लेनिनग्राडच्या उपाशी स्त्रियांनी बर्फ फोडताना तोच रकाना प्रथम भरला होता.