हृदयाचे दोन कप्पे आणि आपली चूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. हृदयावर बोलणारी ही कोण, असे तुम्हांला वाटेल. पण सासूबाईंच्या आजारात डॉक्टरांना विचारून जे समजले, ते चौघींना सांगावे म्हणून उभी आहे.

हृदयाला खाली दोन मोठे कप्पे असतात. उजवा रक्त शेजारच्या फुप्फुसांत पाठवतो. डावा डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत. रक्त दोघेही सारखेच ढकलतात, स्वस्थ बसलो असता मिनिटाला सुमारे ५ लिटर. फरक आहे तो दाबाचा. दोन जावांनी सारख्याच घागरी भराव्यात. एकीने त्या माजघरात ठेवायच्या, दुसरीने माडीवर चढवायच्या, तसे हे. उजव्याचा दाब साधारण २५, डाव्याचा १२०. म्हणून डाव्याची भिंत सुमारे तिप्पट जाड.

कष्ट निराळे तसा खर्चही निराळा. दोघांचे मुख्य सरपण रक्तातली चरबी, खालोखाल साखर. पण डावा आपल्या वाट्याच्या रक्तातला जवळजवळ पाऊण हिस्सा प्राणवायू एरवीच काढून घेतो. उजवा कमी घेतो. त्याच्या गाठी शिल्लक राहते. शिवाय डाव्याच्या भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः तो सैल पडल्यावर. उजव्याला आकुंचन पावतानाही मिळते.

मग असा सुखी कप्पा थकतो कशाने? आमच्या सासूबाई जन्मभर चुलीपुढे बसल्या. घरात गॅस आला, तरी भाकरी चुलीवरचीच गोड म्हणून आम्हीच त्यांना तिथे बसवले. पुढे धाप लागू लागली, पाय सुजले. आम्ही म्हटले, वय झाले. मी लेप लावीत राहिले.

डॉक्टर म्हणाले, धुराने फुप्फुसे खराब झाली, त्यांतल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या. म्हणजे माजघरातल्या जावेलाही माडी चढणे आले. उजव्याची भिंत जाड होते, खर्च वाढतो, रक्ताची सोय मात्र कमी पडते. मग तो चरबी सोडून साखरेकडे वळतो, आणि तीही प्राणवायूवाचून अर्धवट वापरतो. प्राणवायू असता साखरेच्या एका कणातून शक्तीचे सुमारे ३० वाटे मिळतात. नुसती फोडली तर २. अशा मिळकतीवर संसार किती दिवस चालणार?

दिल्लीच्या हृदयतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये अशाच १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे ही गोष्ट जाणत्यांना माहीत होती. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली नव्हती.

सासूबाई आज नाहीत. म्हणून सांगते, चुलीवरच्या भाकरीचा हट्ट धरू नका. जिथे चूल आहे तिथे धुराला वाट करून द्या. आणि घरातल्या बाईला धाप लागली, पाय सुजले, तर वयावर घालवू नका. छाती तपासून घ्या.