खवले कीड आणि तिचा काळ



मी शेतकीचा पदवीधर नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शिकलो तो सार्वजनिक वाचनालयात. विषाचा पंप ज्याच्या पाठीवर असतो, त्याची चौकशी करता करता या विषयाकडे वळलो.

कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांना तांबडी खवले कीड फार छळत आली आहे. ती पानाला, फळाला चिकटते, सोंड खुपसून रस पिते आणि अंगावर मेणचट कवच धरते. १८८६ पासून तेथे झाडांवर तंबू टाकून आत हायड्रोसायनिक वायू सोडीत. माणसालाही मारणारा वायू! आणि तंबू ओढणारे कोण? मजूरच. पुढे काही भागांतील किडी तो वायूही पचवू लागल्या.

मग १९५६-५७ साली भारत व पाकिस्तानातून एक पिवळी गांधीलमाशी तिकडे नेण्यात आली. नाव आफायटिस मेलिनस. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. ती माणसाला डसत नाही. मादी कवचाखाली किडीच्या अंगावर अंडे घालते. अळी किडीला शोषून संपवते आणि दोन-तीन आठवड्यांत नवी माशी बाहेर पडते. दक्षिण कॅलिफोर्नियातील पुष्कळ बागांत तिने कीड आटोक्यात आणली.

पण फवारा शत्रू-मित्र ओळखत नाही. ऑस्ट्रेलियातून १८८८-८९ साली आणलेल्या व्हेडालिया नावाच्या ढालकिड्याने तेथील कापशी खवले कीड दाबून ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बागांत डी.डी.टी. आली, ढालकिडे मेले आणि ती कीड पुन्हा उसळली.

शिवाय गांधीलमाशीला कुंपण कळत नाही, तसेच शेजाऱ्याच्या फवाऱ्यालाही. म्हणून हे काम एकट्याचे नव्हे. फिलमोर येथील बागाईतदारांनी १९२२ साली एकत्र येऊन संरक्षण मंडळ काढले. मंडळाने मित्रकीटक पोसून सभासदांच्या बागांत सोडले. संघटनेचा याहून साधा धडा मला ठाऊक नाही.

फवारणी कधीच लागणार नाही, असा माझा दावा नाही. मात्र पंप उचलण्याआधी भिंग घ्या आणि एक खवला उलटून पाहा. खाली अळी दिसली, तर राखणदार कामावर आहे असे समजा. त्याला त्याचे काम करू द्या. मजुराच्या छातीतही तेवढे विष कमी जाईल.