अहवालाला जोडायचं एक पान



पीएच.डी.ला नाव नोंदवलं की विद्यार्थ्याच्या मागे एकच प्रश्न लागतो: थिसिस कधी? घरचे विचारतात, गाईड विचारतात. उद्या दहाजणांना सोबत घेऊन काम करायला तो कितपत तयार झालाय, हे मात्र कोणी विचारत नाही.

अभ्यास चालू असतानाच अशी तयारी कशी होते, याचं एक उदाहरण पाहा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि भीमराव आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी मिळवली होती. पुढची आखणी त्या मुदतीशी बांधलेली दिसते. नोव्हेंबर १९१८मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून पैसे बाजूला टाकले, मित्र नवल भथेनांकडून उसने घेतले. जुलै १९२०मध्ये बोट गाठली, १९२१ला एम.एस्सी., १९२३ला डी.एस्सी. आणि याच धावपळीत, बोटीत चढण्यापूर्वी, ३१ जानेवारी १९२०ला ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झालं, मार्चमध्ये माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. डी.एस्सी. हाती यायला तेव्हा तीन वर्षं बाकी होती!

अशी आखणी लिहून काढता यावी म्हणून अमेरिकेत ‘सायन्स’ नियतकालिकाच्या संस्थेनं २०१२मध्ये ‘मायआयडीपी’ हे मोफत साधन संशोधकांसाठी आणलं. त्यात विद्यार्थी आपली कौशल्यं, आवडी आणि मूल्यं तपासतो आणि पुढची उद्दिष्टं तारखेनिशी लिहितो.

आपल्याकडे यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावं लागतं. आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापनाचं किंवा प्रयोगशाळेचं काम देण्याचीही सोय त्यात आहे. हे तास ‘उरकण्याचे’ समजले जातात, याचं फार वाईट वाटतं. एम.एस्सी.च्या मुलीला उपकरण हाताळायला शिकवणं, तिचा फसलेला प्रयोग न चिडता तिच्यासोबत पुन्हा तपासणं, एकाच यंत्रासाठी अडून बसलेल्या दोघांचं वेळापत्रक लावणं, रसायनांची मागणी वेळेत नोंदवणं: माणसं सांभाळण्याचा सराव इथेच होतो, आणि चुकलं तर सावरायला गाईड जवळ असतात.

पुढच्या सत्रात समितीला द्यायच्या अहवालाला प्रत्येकाला एक जादा पान जोडता येईल. त्यावर येत्या सहा महिन्यांत शिकायचं एकच काम, ते कोणाकडून शिकायचं त्या व्यक्तीचं नाव आणि तारीख. खाली गाईडची सही. त्या सहीसाठी गाईडसमोर बसून झालेलं बोलणं, काहीजणांच्या बाबतीत, थिसिसबाहेरचं पहिलंच असेल.