कपाटातली डिस्क
(नाशिक येथील कार्यकर्त्या-शिबिरात केलेलं भाषण)

आमच्या गटाला ऑफिस नाही. अंबडला माझ्या घरात एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो, तोच आमचा सर्व्हर. एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या, सिडकोत धुणीभांडी करणाऱ्या बाया आपले कागद त्यावर ठेवतात. घरी ठेवले तर नवरा फाडतो, आणि मोबाईल तर त्याच्याच हातात असतो. मारहाणीचे फोटो, धमकीचे आवाज, पगाराच्या पावत्या, सगळं तिथे.

पावसाळ्यात एका शनिवारी फाइली उघडेनाशा झाल्या. दर रविवारी आम्ही प्रत काढून दुसरीच्या घरी ठेवतो, म्हणून जुनं सगळं वाचलं. प्रश्न होता त्या आठवड्यात आलेल्या तिघींचा.

अशा वेळी मशीन पुन्हा पुन्हा चालू करून पाहायचा मोह होतो. तो टाळा. डिस्क बिघडत असताना तिला जितकं राबवाल तितकी ती जाते. (टकटक आवाज येत असेल तर काम आणखी नाजूक. ती खास प्रयोगशाळेतच उघडावी लागते आणि खर्च फार.)

दुकानदार म्हणाला, "ताई, ठेवून जा, चार दिवसांनी या." ठेवून जायचं म्हणजे इतक्या बायांची नावं, पत्ते, फोटो ठेवून जायचं. कोण कुणाचा मेहुणा निघेल, सांगता येतं का? काम आमच्यासमोर करा म्हटलं तर तो तयार होईना. दुसरा झाला. आमच्यातल्या दोघी दिवसभर त्याच्या स्टुलावर बसून राहिल्या.

त्याने 'डीडीरेस्क्यू' हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावला. तो आधी सहज वाचता येतं ते नव्या डिस्कवर उतरवतो, अडलेल्या जागांकडे नंतर वळतो. मूळ डिस्कवर काही लिहायचं नाही, दुरुस्ती करायची ती प्रतीवर.

दोघींचं सगळं मिळालं. तिसरीच्या फोटोचा खालचा अर्धा भाग करडा आला. तोवर जखम भरली होती, पुन्हा फोटो कसला काढणार? सरकारी दवाखान्यात तिची एमएलसी नोंद होती, त्याची नक्कल मागून घेतली. म्हणून म्हणते, बाईला आधी दवाखान्यात न्या, फोटो नंतर.

मिळालेली फाइल मूळचीच, हे दाखवायचं कसं? १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हा फाइलवरून काढलेला लांबलचक आकडा. फाइलमध्ये एवढंसं बदललं तरी तो बदलतो. आम्ही फाइल आली की तो वहीत उतरवतो. त्या दोघींचे आकडे वहीशी जुळले.

कुणी सांगेल, दोन डिस्क जोडीनं लावा, एक गेली तरी दुसरी चालते. खरं आहे, पण पुसलेली फाइल दोन्हीवरून एकदमच पुसली जाते. प्रत दुसऱ्या घरात हवी, आणि पासवर्डच्या कुलपात.

जुनी डिस्क माझ्या कपाटात आहे. तिसरीचा खटला संपला की आमच्यातली वर्कशॉपात काम करणारी एकजण तिला ड्रिलने आरपार भोकं पाडणार आहे. भंगारवाल्याला ती तशी द्यायची नाही, असं आमचं ठरलंय.